बापांचा खेळ

मकबूलनं फडक्यात धरून धामणीच्या लाकडाची पट्टी लोखंडी नळीतून ओढली. वाफेचा भपकारा तोंडावर आला. आता हातात घडीभराचाच वेळ होता. लाकूड निवायच्या आत वळवलं तर वळतं, नंतर ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्यानं पट्टीचं टोक साच्याच्या खुंटीत अडकवलं, एक पाय भिंतीला लावला आणि अंगाचा सगळा भार टाकून ती ओढायला सुरुवात केली. नेमका तेव्हाच रंध्याशेजारी ठेवलेला फोन वाजायला लागला.

त्यानं फोनकडं पाहिलं, पण हात सोडला नाही. लाकूड करकरलं, वाकलं आणि आकड्यासारखं गोल फिरलं. त्यानं ते सुतळीनं घट्ट बांधून घेतलं. तोवर फोन वाजून थांबला होता. बायकोचा होता, गौसियाचा. त्यानं लगेच उलटा लावला.

"किती वेळ जी," ती म्हणाली. "पोरगी कवाची म्हणून राहिली, अब्बाला बोलवा. काहीतरी मागायचंय तिला."

"काय मागायचंय?"

"मला न्हाई सांगत. तुम्हालाच सांगती म्हणं."

मकबूलनं शटर ओढलं आणि समोरच्या स्टँडवरून लातूरची बस धरली.

औशाच्या बसस्टँडमागं त्याचं सुतारकामाचं दुकान होतं. दारं, चौकटी, बाजा, झालंच तर शाळेचे बाक. तीन वर्षांपूर्वी त्यात या काठ्यांची भर पडली. मुलींच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका, उज्वला मॅडम, कुठल्याशा शिबिराला जाऊन आल्या आणि येताना लॅक्रोस नावाचा खेळ घेऊन आल्या. टोकाला जाळी असलेली काठी. त्या जाळीत चेंडू झेलायचा, घेऊन पळायचं, दुसरीकडं फेकायचा आणि गोलात घालायचा. जमिनीवरचा चेंडूसुद्धा हातानं उचलायचा नाही. अख्ख्या शाळेत मिळून चार काठ्या होत्या. त्यातली एक अर्शियानं घरी आणली आणि बापाच्या पुढ्यात ठेवली.

"अब्बा, अशी करता येईल?"

मकबूलनं ती उलटीपालटी करून पाहिली. ॲल्युमिनियमची नळी आणि प्लास्टिकचं डोकं. "ह्यात करायचं काय हाय?" तो म्हणाला. "ही काठी थोडीच. नळाचा पाइप हाय."

मग तिनं फोनवर त्याला एक व्हिडिओ दाखवला. लांब कुठंतरी, उत्तर अमेरिकेत, एक म्हातारा लाकूड वाफेवर नरम करून वाकवत होता. मकबूलनं तो चार वेळा पाहिला. बोलणं कळत नव्हतं; म्हाताऱ्याचे हात मात्र सगळे कळत होते. पाचव्या दिवशी तो हिमायतनगरकडं गेला आणि ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर पडलेली धामण बघून आला. पूर्वी धनुष्यं हिचीच करायचे. वाकते पण मोडत नाही. लाकूड आणायला अर्शिया हट्टानं टेंपोत बसून आली, आणि येताना ओंडक्यावरच झोपली.

काठ्या मकबूल करायचा, जाळ्या गौसिया विणायची. आणि अर्शिया ढलप्यांच्या ढिगावर बसून मॅडमनी सांगितलेलं सगळं दोघांना सांगायची. हा खेळ तिथल्या मूळच्या लोकांचा. माणसांच्या आधी तो जनावरं आणि पाखरं खेळायची म्हणे. गावंच्या गावं मैदानात उतरायची, खेळ दिवसेंदिवस चालायचा. तिथं मुलगा जन्मला की पाळण्यात त्याच्या उशाला छोटी काठी ठेवतात, आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर जमिनीत जाते. नंतर गोरे आले, त्यांनी खेळ घेतला, त्याचे नियम छापले आणि ज्यांचा खेळ होता त्यांनाच मोठ्या सामन्यांतून बाहेर काढलं.

"त्यांच्याच खेळातून त्यांनाच?" गौसियानं विचारलं होतं.

"हाव. पण त्यांनी खेळायचं सोडलं न्हाई अम्मी."

पळण्यात अर्शियाचा हात कुणी धरत नसे. सोळाव्या वर्षी ती विभागीय संघात गेली, नांदेडच्या सामन्यात तिचे चार गोल झाले. मकबूल गेला नव्हता. त्या दिवशी कुणाची तरी वास्तुशांत होती आणि चौकट बसवायची राहिली होती. त्याआधीचे सामनेही त्याचे असेच हुकले होते. पुढच्या वेळी येतो, असं तो दर वेळी म्हणायचा आणि त्याला ते खरंही वाटायचं. हिवाळ्यात तिच्या पायांवर निळे डाग दिसायला लागले तेव्हा तोच म्हणाला होता, "खेळताना लागलं असंल. हळद लाव." पुढं पंधरा दिवसांत लातूरच्या डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर असल्याचं सांगितलं.

तो वॉर्डात शिरला तेव्हा उज्वला मॅडम खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. अर्शियाच्या डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली होती. तोंड एवढंसं झालं होतं.

"आलात? या," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या लेकीनं मला पेचात टाकलंय, मकबूलभाई."

"काय झालं?"

"मीच बोलून बसले. त्या लोकांत एक रीत आहे. कुणी फार आजारी पडलं की त्याच्यासाठी खेळ ठेवतात. जिंकण्याहरण्याचा नाही, औषधाचा. आजारी माणूस मागतो आणि गाव खेळतं. हिनं ते ऐकलं आणि आता म्हणते, माझ्यासाठी खेळा."

"मग पोरी खेळतील की."

अर्शिया हसली. "न्हाई अब्बा. तो खेळ लाकडाच्या काठीनं खेळतात, आणि तो फक्त पुरुषच खेळतात. त्या खेळाच्या काठीला बायांनी हातबी लावायचा नसतो."

"मी तिला म्हटलं," मॅडम म्हणाल्या, "औशात एकाही पुरुषाला हा खेळ येत नाही."

"आणि मी म्हटलं, मग शिकवा."

बोलताना तिला धाप लागली. गौसियानं पाण्याचा ग्लास पुढं केला. अर्शियानं घोटभर घेतला आणि बापाकडं पाहिलं. "आपल्या टीमच्या पोरींचे बाप खेळतील. तुम्हीबी खेळायचं. मी इथून फोनवर बघीन."

मकबूल खाटेच्या लोखंडी कडेवर बोट फिरवत राहिला. वयाच्या पन्नासाव्या वर्षी मैदानात पळायचं, तेही कुणा परक्या मुलखाची रीत म्हणून. मशिदीत कुणी विचारलं तर काय सांगायचं?

"हे त्यांच्या श्रद्धेचं आहे बेटा," मॅडम हळूच म्हणाल्या. "आपण नुसती नक्कल करायची, ते बरं नाही."

"नक्कल न्हाई मॅडम. आपण आपली दुवा मागायची. फक्त पळून मागायची."

मकबूलनं मान वर केली. "कधी ठेवायचा?" त्यानं विचारलं.

शुक्रवार ठरला. हातात चारच दिवस होते. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर बाप जमायला लागले आणि मुली त्यांना शिकवायला लागल्या. शिल्पा ही अर्शियाची जिवाची मैत्रीण. तिचा बाप शेषेराव जवळच्याच गावचा शेतकरी, अंगानं आडवा. त्यानं काठी हातात घेतली ती फावड्यासारखी.

"आप्पा, खांदा कामून मारून राहिले? मनगट फिरवा, मनगट!"

"मनगटानं कुठं काय होतंय गं? रट्टा द्यावा लागतो."

"चेंडू हाय तो, ढेकूळ न्हाई!"

सिद्रामप्पा किराणा दुकानदार होते. साठीला आलेले, धोतराचा सोगा कंबरेत खोचून उभे राहायचे आणि चेंडू अंगावर आला की डोळे मिटायचे. दयानंद एसटीत कंडक्टर होता, तो ड्युटीच्या खाकी पँटवरच यायचा. असे अकरा जण आले. बारावा मकबूल. काठ्या सगळ्या त्याच्याच हातच्या. त्यातल्या प्रत्येकीत कुठं गाठ होती, कुठं वाळताना पीळ पडला, ते त्याला पाठ होतं. पण त्यात चेंडू टिकवायचा कसा, हे मात्र त्याला एका सातवीतल्या पोरीनं शिकवलं. काठी छातीजवळ धरून पाळणा हलवावा तशी हलवत राहायची. हलवणं थांबलं की चेंडू पडतो.

शुक्रवारी सकाळी अर्शियानं स्वतः फोन लावला. आवाज बारीक होता.

"अब्बा, बूट हायत का?"

"हायत. दयानंदनं दिलेत जुने."

"चपला घालून पळू नका. पाय मुरगळंल."

"न्हाई पळत. बघशील ना तू?"

"म्हणजे काय," ती म्हणाली. "चार वाजल्यापासून जागीच राहते."

जुम्म्याची नमाज करून मकबूल मैदानावर आला. साडेचारला सगळे बाप गोल करून उभे राहिले. मॅडमनी सांगितलं की गोल मोजायचे ते दोन्ही बाजूंचे मिळून, सात झाले की थांबायचं. कुणी रागानं खेळायचं नाही. पळताना तिचं नाव मनात ठेवायचं. शिल्पानं मॅडमच्या फोनवरून गौसियाला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन उंच धरला.

"चाचा, लागला! पण तिकडचं काई दिसत न्हाई, अंधार हाय नुसता."

फोनमधून गौसियाचा आवाज आला. "इथं उजेड कमी हाय बेटा. आम्हाला दिसून राहिलं तुमचं. तू फोन हलवू नको."

"अर्शिया बघती ना, चाची?"

"हाव. बघून राहिली. खेळा म्हणावं."

खेळ सुरू झाला, आणि पहिली पाच मिनिटं तो खेळ होता असं कुणी म्हटलं नसतं. चेंडू एकीकडं आणि बाप दुसरीकडं. दोनदा शेषेराव आपल्याच माणसावर जाऊन आदळला. सिद्रामप्पांच्या जाळीत चेंडू आपोआप येऊन बसला, तर ते जागच्या जागी उभे राहून "आता काय करू? आता काय करू?" ओरडायला लागले. कडेला मुली हसून हसून खाली बसल्या. पण हळूहळू कशी कोण जाणे, पळापळीला लय आली. दयानंदनं लांबून फेकलेला चेंडू शेषेरावानं अचूक झेलला आणि गोलात घातला. कुणीतरी "अर्शिया!" म्हणून ओरडलं. मग प्रत्येक गोलाला तेच नाव.

चार झाले. पाच झाले. मकबूलच्या जाळीत चेंडू आला तेव्हा त्याच्यासमोर सगळं मैदान मोकळं होतं. तो पळाला. काठी छातीजवळ हलवत, जुन्या बुटांच्या नाड्या आपटत, तो लहानपणानंतर पहिल्यांदा जीव खाऊन पळाला. म्हणजे हे असं असतं, त्याच्या मनात आलं. अर्शिया रोज पळताना हेच बघत होती. गोल चार हातांवर असताना त्याचा पाय नाडीत अडकला आणि तो तोंडावर आपटला. टोपी उडून पुढं गेली. मग तो धुळीतच उताणा झाला आणि हसायला लागला. तीन महिन्यांत तो हसला नव्हता. शेषेरावानं त्याला बखोटीला धरून उठवलं, तरी त्याचं हसू थांबेना.

"चाची म्हणत्यात, ती लई हसली!" शिल्पा कडेवरून ओरडली. "तुम्ही पडले तवा!"

सातवा गोल झाला तेव्हा उन्हं उतरली होती.

सहाला गौसियाचा फोन आला. "या तुम्ही आता. ताप वाढलाय. आत नेलंय तिला." मकबूल धुळीच्या कपड्यांनीच निघाला. दयानंद बरोबर आला. त्यानंतरचे दोन दिवस आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर गेले. रविवारी दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी चष्मा काढला.

सोमवारी सकाळी जनाजा निघायच्या आधी शिल्पा दारात येऊन उभी राहिली. हातात अर्शियाची काठी होती.

"चाचा, ही बरोबर द्यायची ना?"

मकबूलनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्यात काई देत न्हाईत बेटा. रिकाम्या हातानं जायचं असतं."

शिल्पा काठी घेऊन मागं सरली. जनाज्याला खांदा द्यायला औशातले होतेच. पण कब्रस्तानच्या वळणावर मकबूलनं बाजूला पाहिलं तर शेजारच्या दांडीखाली शेषेराव होता, आणि त्याच्यामागं, पायात पाय येत, सिद्रामप्पा.

पुढच्या दिवसांत घरात येणंजाणं राहिलं. शेजारच्या बाया यायच्या, टीमच्या मुली यायच्या, आणि गौसिया प्रत्येकीला तेच सांगायची. पोरीनं सगळा खेळ बघितला. तिचे अब्बा पडले तेव्हा अशी हसली, अशी हसली. मकबूल आतल्या खोलीतून ऐकायचा. बाकी काही नाही, पण तेवढं तिला मिळालं, एवढ्यावर तो दिवस ढकलत होता.

महिन्याभरानं दाखल्यासाठी दवाखान्याचे कागद लागले, म्हणून तो लातूरला गेला. कागद देणारा जागेवर नव्हता. जिन्यात पंचशीला सिस्टर भेटल्या. अर्शियाच्या वॉर्डात त्याच असायच्या. त्यांनी त्याला ओळखलं आणि बाजूच्या बाकावर बसवलं.

"कशा आहेत तुमच्या मिसेस?"

"हाय. बरी हाय."

"लई सोसलं त्यांनी," सिस्टर म्हणाल्या. "त्या शुक्रवारी तर माझ्याच्यानं बघवेना. तुम्हीबी नव्हते. पावणेचारला पोरगी एकदम बेशुद्ध झाली, ती आम्ही पळवतच वर नेली. ह्यांना बाहेर बसवलं. कुणाला तरी बोलवा म्हटलं, तर मान हलवली नुसती. मग थोड्या वेळानं बघते तर भिंतीकडं तोंड करून बसल्यात. फोन असा हातात, आणि 'बघून राहिली, बघून राहिली' म्हणून कुणाला तरी सांगून राहिल्यात. डोळ्याला पदर. आवाज मात्र असा, की काई झालंच न्हाई."

मकबूल बाकाच्या कडेवर बोट फिरवायला लागला.

"मला वाटलं गावाकडं म्हातारं कुणी असंल, त्याला सांगत असतील."

"पावणेचार?" त्यानं विचारलं.

"हाव. चारला माझी ड्युटी संपायची होती, तरी थांबले मी, म्हणून ध्यानात हाय. नंतर न्हाई आली शुद्धीवर पोरगी." त्याच्या तोंडाकडं बघून त्या थांबल्या. "आत तसंही कुणाला सोडत नव्हते, भाऊ."

कागद घेऊन तो बाहेर पडला. औशाची एक बस गेली, दुसरी गेली. तो स्टँडवरच्या खांबाला टेकून उभा होता. पावणेचार ते सहा. सव्वादोन तास. आधी त्याला राग आला, इतका की कागदांची घडी मुठीत चुरगळली. मी बाप होतो. मला कळायला पाहिजे होतं. मी तिकडं धुळीत लोळून हसत होतो आणि तू. पण 'आणि तू' पाशी आलं की पुढं त्याला काही म्हणता येईना. तो बाक त्याच्या डोळ्यांसमोर यायचा, आणि त्यावर भिंतीकडं तोंड करून बसलेली ती. एका दाराआड लेक, आणि हातातल्या फोनमध्ये नवरा पळतोय. तो पडला हे तिनं खरंच पाहिलं होतं. टोपी उडाल्याचंही ती सांगायची.

तिसऱ्या बसमध्ये तो चढला.

घरी आला तेव्हा ओट्यावर उज्वला मॅडम आणि शिल्पा बसल्या होत्या. गौसियानं चहा ठेवला होता आणि शिल्पाला सांगत होती. शिल्पानं हे कितीदा तरी ऐकलं असेल, पण ती गुडघ्यांवर हनुवटी टेकून नव्यानं ऐकत होती.

मकबूलला बघून गौसिया थांबली. तिनं त्याच्या हातातल्या चुरगळलेल्या कागदांकडं पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडं.

"मिळाले कागद?"

"मिळाले."

"कुणी भेटलं तिकडं?"

त्यानं पायातल्या चपला काढल्या, ओट्यावर चढला आणि तिच्या शेजारी बसला. चारचौघांत तो असा तिच्याजवळ कधी बसत नसे.

"न्हाई," तो म्हणाला. "कुणीच न्हाई भेटलं."

गौसिया बशीत चहा ओतायला लागली. बशी भरली तरी ती ओततच राहिली, चहा खाली सांडला. त्यानं तिच्या हातातून बशी काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली.

"तू सांगून राहिली होतीस," तो म्हणाला. "मी पडलो. मग?"

गौसिया पदरानं सांडलेला चहा पुसायला लागली. मॅडम खाली बघत होत्या.

"टोपी उडाली," मकबूल म्हणाला. "मग ती हसली ना?"

"हसली," गौसिया म्हणाली.

"लई हसली?"

"लई."

"सांग ना मग," तो म्हणाला. "शिल्पाला सांग. कशी हसली ते."